नऊपैकी एक

लेकीचा ऑप्शन्सचा कागद मी अजून जपून ठेवलाय. इंग्लंडमध्ये इयर नाइनला, म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी, मुलं जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे, विषय निवडतात. त्या कागदाच्या कडेला मी पेन्सिलीने केलेली बेरीज आहे. एकूण विषय नऊ. इंग्रजी भाषा आणि साहित्य मिळून दोन, गणित एक, विज्ञानाचे दोन धरतात, धर्मशिक्षण त्या शाळेत सगळ्यांना सक्तीचं. झाले सहा. मग इतिहास किंवा भूगोल, आणि फ्रेंच किंवा स्पॅनिश. आठ. उरला एक. तिला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी (डीटी) हवं होतं आणि संगीतही. ती ‘ईबॅक’च्या गटात आहे, त्यामुळे दोन्ही घेता येणार नाही, असं शिक्षकांनी सांगितलं.

घरी येताना गाडीत तिने विचारलं, “आई, फ्रेंच मी कोणासाठी घ्यायचं?” मी म्हटलं, “तुझ्याच भल्यासाठी गं.” तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आपल्या मराठी घरांत भाषा, गणित, विज्ञान हे ‘मुख्य’ विषय आणि बाकीचे आवडीचे, हे इतकं मुरलेलं असतं की शाळेची यादी बघून मला उलट बरंच वाटलं होतं. ईबॅक म्हणजे काय, हे मी नंतर नीट वाचलं, आणि मग त्या उत्तराची खंत वाटायला लागली.

ईबॅक म्हणजे इंग्लिश बॅकॅलॉरिएट. नाव पदवीसारखं, पण ही परीक्षा नव्हती आणि मुलांना याचं सर्टिफिकेटही मिळत नव्हतं. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि एक परकीय किंवा प्राचीन भाषा, या पाच खांबांवर शाळेतली किती मुलं उभी आहेत, एवढंच हा आकडा सांगायचा. मोजमाप शाळेचं होतं. मुलाच्या हातात त्याचं काहीच येत नव्हतं. हे मला कोणी त्या ऑप्शन्सच्या संध्याकाळी सांगितलं असतं तर!

२०१० साली शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी हे आणलं, आणि त्यामागचं कारण खोटं नव्हतं. त्याआधी शाळांची प्रतवारी ‘पाच विषयांत सी ग्रेड किंवा वर’ यावर चालायची, आणि त्यात काही व्यावसायिक अभ्यासक्रम एकेक करून चार-चार जीसीएसईंच्या बरोबरीचे धरले जात. साहजिकच आकडा वाढवायला काही शाळा मुलांना तिकडे वळवत. आणि वळवली जाणारी मुलं बहुतेक गरीब घरांतली असत. ज्यांच्या आईवडिलांना विचारायची सवय नाही, ज्यांना विद्यापीठात प्रवेश कसा मिळतो हे माहीत नाही, त्यांची. २०११ मध्ये अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या व्यावसायिक शिक्षणावरच्या अहवालाने या बरोबरीच्या हिशेबावर स्पष्ट बोट ठेवलं. गरिबाच्या मुलालाही इतिहास आणि भौतिकशास्त्र मिळालंच पाहिजे, हे म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं.

पण ते राबवलं कसं? जानेवारी २०११ मध्ये शाळांच्या कामगिरीचे जे तक्ते निघाले, त्यांत २०१० च्या उन्हाळ्यातल्या निकालांना ही पट्टी मागाहून लावली. मुलं परीक्षा देऊन मोकळी झाली होती. शाळांना आपण कशात नापास झालो ते निकालानंतर कळलं, आणि त्यानंतरची पहिली धावपळ तक्त्यासाठीच झाली. संगणकशास्त्राला पुढे विज्ञानाच्या खांबात जागा मिळाली. संगीत, नाटक, चित्रकला, डीटी मात्र कायम बाहेर राहिले. त्यांच्यावर कोणी बंदी घातली नाही, पण नऊपैकी आठ जागा भरल्यावर बंदी घालायची गरजच काय? लेकीने संगीत सोडलं, त्या वर्षी तिच्या शाळेत तो गट भरलाच नाही. जीसीएसई संगीताचा वर्ग रद्द झाला. ज्या सहा-सात मुलांनी तो घेतला होता, त्यांनाही दुसरं काहीतरी निवडावं लागलं. याचा मला आजही मनापासून राग येतो.

२०१६ पासून प्रोग्रेस ८ हे शाळांचं आणखी एक मोजमाप आलं. मूल अकरा वर्षांचं असताना कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचलं हे ते बघतं, म्हणून ते जास्त न्याय्य आहे. पण त्याच्याही आठ जागांत इंग्रजी आणि गणिताचं वजन दुप्पट, तीन जागा ईबॅकच्या विषयांना राखीव, आणि मोकळ्या फक्त तीन. म्हणजे ईबॅकचा साचा आत आहेच.

सरकारचं उद्दिष्ट होतं २०२५ पर्यंत नव्वद टक्के मुलांनी ईबॅकचे विषय घ्यावेत. प्रत्यक्षात गाडी चाळीस टक्क्यांच्या आसपासच अडकली. अडली ती भाषेवर. चार खांब पुरे आणि पाचवा नाही, अशा मुलांत बहुतेक वेळा नसतो तो भाषेचाच. चौदाव्या वर्षानंतर भाषा सक्तीची नाही, हे २००४ मध्येच ठरलं होतं. तिथपासून वर्ग ओस पडत गेले, शिकवणारे कमी होत गेले. फ्रेंच आणि जर्मनला गुण इतर विषयांपेक्षा कडक मिळत होते, हे परीक्षा नियामक ऑफक्वॉलनेही २०१९ मध्ये मान्य केलं. तक्त्यात एक रकाना वाढवून फ्रेंचचे शिक्षक तयार होत नाहीत.

आणि हो, भाषेचा विषय निघालाच आहे तर. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांच्या जीसीएसई आहेत आणि त्या भाषेच्या खांबात धरल्या जायच्या. मराठीची नाही. माझी मुलगी आजीशी तासभर मराठीत बोलते, देवनागरी वाचते, पण तक्त्याच्या हिशेबाने तिला फ्रेंच येईपर्यंत दुसरी भाषा येत नव्हती. तिला फ्रेंचमध्ये नऊपैकी पाच ग्रेड मिळाली. त्यानंतर तिने फ्रेंचचं पुस्तक उघडलेलं नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेकी फ्रान्सिस यांच्या अभ्यासक्रम समितीचा अहवाल आला. त्यात ईबॅक काढून टाकायची शिफारस होती आणि सरकारने ती स्वीकारली. मला आनंद झाला, पण धाकधूकही आहे. ईबॅक गेलं म्हणून शाळा पुन्हा गरीब मुलांना सोप्या वाटेला लावणार असतील, तर आपण पंधरा वर्षं मागे जाऊ. इतिहास शिकायचा हक्क राहिला पाहिजे. फक्त शाळेचा क्रमांक वर जावा म्हणून तो माझ्या मुलाच्या गळ्यात मारू नका. प्रत्येक विषयापुढे ‘हा तुमच्या मुलासाठी का’ याचं एका ओळीत उत्तर लिहून द्या, एवढं मी पालकसभेत लेखी मागितलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

धाकटा आता इयर एटला आहे. त्याला नाटक हवंय, भूगोल हवाय आणि (आश्चर्य म्हणजे) जर्मनही. मी त्याला सांगितलंय, शाळेची यादी येण्याआधी तुझे विषय एका कागदावर लिही आणि फ्रीजला लाव. त्याने परवा लावलाय. लेकीने त्याच्या खाली पेनाने ‘संगीत?’ असं लिहिलंय.