‘ग्राफिक्समधला ग, म्हणून गिफ’ हा नियम इंग्रजीत नाहीच

GIF (ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट) या चित्रांच्या फाइल फॉरमॅटच्या उच्चाराबद्दल सध्या एक मेसेज खूप फिरतोय: ‘शॉर्टफॉर्ममधलं अक्षर मूळ शब्दात जसं, तसंच उच्चारायचं. म्हणून गिफ बरोबर, जिफ चूक. बाकी तीन अक्षरी एक्स्टेंशन (फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरं) नेहमी सुटी अक्षरं म्हणायची.’ त्याखाली उत्तर असतं, ‘निर्मात्यानेच जिफ म्हटलंय, विषय संपला.’

मूळ शब्दाचा नियम जेपेगपाशीच (JPEG, फोटोंचा फाइल फॉरमॅट) मोडतो. त्यातला ‘पी’ फोटोग्राफिकचा, तिथे उच्चार ‘फ’. मग ‘जेफेग’ म्हणायला हवं. तसं कोणी म्हणत नाही. लेझरमधला ‘एस’ स्टिम्युलेटेडचा, तरी उच्चार ‘झ’. स्कूबातला ‘यू’ अंडरवॉटरचा, तरी ‘ऊ’. आद्याक्षरं जोडून शब्द झाला की तो नवा शब्द म्हणून वाचला जातो. गिफ्टकडे बोट दाखवूनही भागत नाही, कारण स्पेलिंगमध्ये ‘जीआय’ असलेले जिंजर आणि जायंटही आहेत.

निर्मात्याचं म्हणाल, तर स्टीव्ह विल्हाइटने 1987 साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवा कंपनीत हा फॉरमॅट आणला आणि 2013 साली वेबी हा इंटरनेटसाठीचा पुरस्कार घेताना जिफ हाच उच्चार सांगितला, हे खरं. पण पीएनजी या चित्रांच्याच दुसऱ्या फॉरमॅटच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमध्ये उच्चार ‘पिंग’ दिलाय आणि बहुतेक लोक पी-एन-जीच म्हणतात. इंग्रजी शब्दकोश गिफ आणि जिफ दोन्ही देतात. कुणालाही चूक ठरवू नका.

सुट्या अक्षरांचा नियमही टिकत नाही. झिप, बॅट, बिन, डॉक हे शब्दासारखेच म्हणतात. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक्स्टेंशनला तीनच अक्षरांची जागा होती, म्हणून जेपेगमधला ‘ई’ गळला. लिहिताना गळला, बोलताना जेपेगच राहिलं. पीडीएफ, सीएसव्ही, एक्सएमएल यांत स्वरच नाही, म्हणून ती सुटी म्हणावी लागतात. पण स्वर असला की शब्द होतोच असंही नाही: ई-एक्स-ई सर्रास सुटंच म्हणतात.

लिहिणाऱ्यांनी इथे खरी काळजी घ्यावी. शब्दाआधी ‘अ’ (a) की ‘ॲन’ (an), हे आर्टिकल स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरतं. एसक्यूएल (SQL, डेटाबेसची भाषा) सुटं वाचत असाल तर ‘ॲन एसक्यूएल क्वेरी’, सीक्वेल म्हणत असाल तर ‘अ सीक्वेल क्वेरी’. दोन्ही उच्चार चालतात: आयबीएममध्ये भाषेचं पहिलं नाव सीक्वेलच होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते बदललं. मात्र एकाच डॉक्युमेंटमध्ये ‘अ’ आणि ‘ॲन’ आलटून पालटून नकोत. ‘यूआरएल’च्या आधी ‘अ’ येतो, कारण सुरुवातीचा आवाज ‘य’चा आहे, ‘एमपीथ्री’च्या आधी ‘ॲन’.

मराठी जिभेला अडचण वेगळीच आहे. झिप म्हणताना आपला झ झिम्म्यातला येतो. इंग्रजीत तिथे घोष ‘स’ हवा: लांब ‘स्स्स’ म्हणत राहा, मधेच गळ्यात गुणगुण सुरू करा, जीभ हलवू नका. गळ्यावर बोट ठेवलंत तर कंप जाणवेल. सुट्या अक्षरांत आपण सगळ्यांवर सारखा जोर देतो. इंग्रजीत तो शेवटच्या अक्षरावर पडतो, पीडी‘एफ’, एचटीएम‘एल’.