गळत तर नाहीये!

उजव्या हाताची तीन बोटं सोलपटली आहेत आणि खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की घसा खाकरून हसतात. दोन्हीला कारण एकच.

गाडीच्या इन्टेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचं, पॅकिंग गेलं होतं. ते मी स्वतःच बदललं, गाडी सुरू केली, तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनाचे मिनिटाला फेरे, 1400 आणि बॉनेटखाली नाग बसल्यासारखी फूसफूस. कुठून तरी हवा खेचतेय. झालं, पुन्हा सगळं खोला. मी पहिला बोल्ट सैल केला आणि काका प्रकटले. हात मागे, पोट पुढे.

"गळतंय का गं?"

"हो."

काकांनी वाकून गाडीखाली पाहिलं. "कुठं? खाली तर ठणठणीत कोरडं आहे."

"बाहेर नाही काका, आत गळतंय. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. फट राहिली की हवा आत जाते."

"इंजिनाला हवा लागते ना?"

"लागते. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग."

"मग येतेय तर येऊ दे की."

"ती थ्रॉटलमधूनच यायला हवी, अ‍ॅक्सिलरेटरच्या झडपेतून."

"हवेलासुद्धा आता परवानगी लागते," काका म्हणाले आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग एकदम, "सिलिकॉन थाप. भरपूर. गच्चीवरच्या टाकीला मीच लावलंय, थेंब गळत नाही."

टाकीत पेट्रोल नसतं हो काका! व्ही आकाराच्या इंजिनात ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या कडेला सिलिकॉनची एक रेघ द्यावी लागते, कबूल. पण पोर्टच्या, म्हणजे हवा आत जायच्या भोकांच्या, पॅकिंगला ते थापलं तर बोल्ट आवळताना पॅकिंगच सटकतं, आणि पेट्रोलने मऊ पडलेले तुकडे इंजिन गिळतं. हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. काका म्हणाले, "तरी थोडं लाव." तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "काका, प्लीज, मधे बोलू नका." ते गप्प झाले. पण गेले नाहीत.

पुढचे तीन तास ते बघत होते आणि मी खरवडत होते. पोर्टमध्ये चिंध्या कोंबून, प्लास्टिकच्या पट्टीने, कारण अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पातं फिरवलं की पडलेला ओरखडा हीच नवी फट. जुनं पॅकिंग नखाएवढं निघतं आणि नखातच जाऊन बसतं. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून सपाटी पाहिली. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आधी 10 न्यूटन-मीटर, मग 20. आठवा बोल्ट मॅनिफोल्डच्या मागे, बॉनेटखालच्या पत्र्याच्या भिंतीला खेटून. ज्याने तो तिथे आखला त्याने आयुष्यात पाना धरलेला नसणार. त्याच्या कागदावर जागा असेल, माझ्या बोटांना नव्हती. सोलपटं तिथलीच. आणि टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, तिथे शिरत नाही, म्हणजे तो एक बोल्ट अंदाजाने, आणि पुस्तकात मात्र ठणकावून लिहिलंय की अंदाजाने आवळू नका!

गाडी सुरू केली. 1400. फूस.

जोडाभोवती कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) स्प्रे मारला. गळत असेल तर तो आत खेचला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. काही बदललं नाही. यावरून शहाण्या माणसाने काय ओळखायचं? की जोड ठीक आहे. मी काय ओळखलं? की क्लीनर जुना झालाय. पाना पुन्हा हातात घेतला.

तेव्हा काका खाकरले. "बोलू का?"

"बोला."

"ती मागे पेन्सिलीएवढी काळी नळी लोंबतेय, ती तशीच असते का?"

व्हॅक्यूमची नळी. तिचं तोंड उघडं, मॅनिफोल्डवरची तोटी उघडी.

"कधी पाहिलीत?"

"आलो तेव्हाच लोंबत होती."

"मग सांगितलं का नाही?"

"तू बोलू नका म्हणालीस."

म्हणजे पहिलं पॅकिंग बहुधा ठीकच बसलं होतं. मी ते खरवडून फेकलं, तीन तास घालून, बोटांसकट. आणि हा गृहस्थ शेजारी उभा राहून आज्ञाधारकपणा करत होता. एरवी घरात कुणी बोलू नका म्हटलं तर ऐकतात का हो हे?

नळी दाबून बसवली, क्लिप लावली. आयडल 800. फूस बंद.

काकांनी पुन्हा वाकून गाडीखाली पाहिलं. "बघ," म्हणाले, "आता गळत नाहीये."