खुलासा: टर्बो गाडीत ‘जाड’ ऑइल टाकण्याचा सल्ला

“आपल्याकडच्या उन्हात ५डब्ल्यू-३० पाण्यासारखं पातळ होतं, टर्बो पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५०च टाका,” असा मेसेज सध्या फिरतोय. (हे इंजिन ऑइलचे ग्रेड, म्हणजे त्याच्या जाडपणाचे आकडे.) तो चुकीचा आहे.

इंजिन तापल्यावर आतलं ऑइल साधारण १०० अंशांच्या आसपास असतं, मग बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर. ग्रेडमधला शेवटचा आकडा याच १०० अंशांवर मोजतात: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (जाडपणा मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ‘जाड’ ऑइल तापल्यावरही साधारण पावणेदोनपट जाड राहतं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. डब्ल्यूचा आकडा गार ऑइलचा; सकाळी गार इंजिन सुरू करताना २०डब्ल्यू तिथे आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिराच पोचतं. इंजिनाची बरीच झीज तेव्हाच होते.

खरं तर ग्रेडपेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं जास्त कामाची. मॅन्युअलमध्ये व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० किंवा बीएमडब्ल्यू एलएल-०१ लिहिलं असेल, तर तेच अप्रूव्हल, म्हणजे गाडीच्या कंपनीची ऑइलला मंजुरी, डब्यावर हवं. नुसतं ‘फुल्ली सिंथेटिक’ पुरेसं नाही. डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोमध्ये कमी आरपीएमवर जोर देताना इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो. डब्यावरच्या एपीआय या ऑइलच्या दर्जाच्या मानकात, जुन्या एसएनमध्ये त्याविरुद्धची चाचणी नव्हती, २०२०च्या एसपीमध्ये आहे.

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना ४० ग्रेड घेता येतं, पण मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. आणि हो, जाड ऑइलने पॉवर वाढत नाही, उलट ऑइल पंपावरच थोडी जास्त खर्च होते.