वर्तनाची वही

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एमबीएला नाव घातलं, त्यामागे ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. आमच्या पतसंस्थेत 'शाखाधिकारीपदासाठी पदव्युत्तरांना प्राधान्य' असं परिपत्रक निघालं आणि मी बहिःस्थ अभ्यासक्रमाच्या फीचे हप्ते बांधून घेतले. बाकीचे विषय घोकून निघाले असते. 'संघटनात्मक वर्तन' मात्र अडलं. आपल्या कामाच्या ठिकाणी लोक कसे वागतात ते चार आठवडे बघा, त्यावर दीड हजार शब्दांत चिंतन लिहा आणि खाली वरिष्ठांची सही आणा, असा गृहपाठ होता.

मुलगी बी.कॉम.ला आहे. ती म्हणाली, "बाबा, चिंतन म्हणजे तुम्ही स्वतः कसे वागता तेही लिहायचं असतं."

"मी कुठे वागतोय? मी तर लिहिणार."

दोनशे पानी वही आणली आणि सोमवारी सकाळी दहाला टेबलावर उघडून बसलो. कॅशियरबाई १०.२० ला आल्या. मी वेळ टिपली. मी टिपलेली त्यांनी पाहिली. मंगळवारी त्या ९.५० ला हजर. साडेचारनंतर काउंटरखाली पेपर पसरून मेथी निवडायचा त्यांचा पंधरा वर्षांचा शिरस्ता. बुधवारी जुडी पिशवीतून बाहेरच आली नाही. सोनेतारणवाले भाऊसाहेब जेवण झाल्यावर डोळे मिटून व्याजाचा हिशेब करायचे, तो डोळे उघडे ठेवून करू लागले. शिपाईमामांनी न मागता माझ्यापुढे दुसरा चहा ठेवला, सोबत बिस्किटं. दिवसअखेरचा जमाखर्च जुळवायची तेरीज एरवी साडेसहापर्यंत कुणाचे तरी सतरा रुपये शोधत बसते, ती सव्वापाचला जुळली. गुरुवारी पिग्मी एजंटानं मला जिन्यात गाठलं. "अण्णा, हेड ऑफिसनं नेमलंय का तुम्हाला? माझा दोन दिवसांचा भरणा राहिलाय. उद्या सकाळी भरतो, तेवढं लिहू नका."

पुस्तकात याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथे १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तरी वाढलं. पार चांदण्याइतका उजेड उरला तरी बाया काम रेटतच होत्या. का, तर आपल्याकडे कुणीतरी बघतंय! पुढे काही अभ्यासकांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि त्यात फारसा दम नाही असं सांगितलं. सांगोत बापडे. त्यांनी आमची शाखा पाहिलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बैठक बोलावली. विषय एकच: चहा. कोपऱ्यावरचा चहावाला दिवसातून दोनदा किटली आणि काचेचे ग्लास घेऊन यायचा. तो दारात आला की आल्याचा वास थेट साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा आणि रांगेतले ठेवीदारसुद्धा वळून बघायचे. साहेब म्हणाले, "ग्राहकांसमोर किटली बरी दिसत नाही. मशीन घेऊ या का?" क्षणभर शांतता. मग एक टाळी वाजली, मागोमाग बाकीच्या. ठराव एकमताने मंजूर.

मशीन आलं. बटण दाबलं की ते आधी घसा खाकरतं, मग शिंकतं, मग कपात पांढरट काहीतरी सोडतं. त्यावर चहा, कॉफी आणि टोमॅटो सूप अशी तीन बटणं आहेत. चवीवरून कुठलं दाबलं ते ओळखता येत नाही, रंगावरून थोडंफार येतं. मी वही घेऊन एकेकाला बाजूला विचारलं. मशीन कुणालाच नको होतं. "साहेबांची इच्छा दिसली," कॅशियरबाई म्हणाल्या. "सगळे हो म्हणाले, मग आपण कशाला मोडता घालायचा?" हे भाऊसाहेब.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे तर थेट ॲबिलीन! जेरी हार्वी या प्राध्यापकानं १९७४ मध्ये ती गोष्ट लिहिली. टेक्सासमध्ये उन्हानं काहिली होत असताना त्याचे सासरे म्हणाले, चला, ॲबिलीनला जेवायला जाऊ. जाताना त्रेपन्न मैल, येतानाही तेवढेच. गाडीला एसी नाही आणि जेवण भिकार. घरी परतल्यावर कळलं, की जायचं चौघांपैकी एकालाही नव्हतं. सासऱ्यांनी आपलं सहज विचारलं होतं, बाकीचे कंटाळलेत असं वाटून. या एका प्रकरणावर मी तीन पानं लिहिली.

सहीसाठी गेलो तेव्हा साहेबांनी चष्मा चढवून सगळं वाचायला घेतलं. 'नेतृत्वशैली: लोकशाहीवादी' इथे मान डोलावली. (कच्च्या वहीत मी दुसरा शब्द लिहिला होता. पण सही त्यांचीच लागणार होती.) मग माणसाच्या गरजांच्या पिरॅमिडवर थबकले: तळाला अन्न-निवारा, शिखरावर आत्मसिद्धी. "यात मी कुठल्या मजल्यावर?" ही कल्पना मांडणाऱ्या मॅस्लो या मानसशास्त्रज्ञानं १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड काढलाच नव्हता, तो नंतरच्यांनी रचला, असं मी सांगणार होतो, पण तोवर साहेबांचं बोट शिखरावर टेकलं होतं.

मशीनची तीन पानं त्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे कुणालाच नको होतं?"

"नाही साहेब."

"अहो, मलाही नको होतं! मला वाटलं, तुम्हा मंडळींना किटलीची लाज वाटते." चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "पण त्या दिवशी पहिली टाळी तुम्हीच वाजवलीत ना? ते कुठे दिसत नाही यात."

"शब्दमर्यादा होती, साहेब."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात शिपाईमामा मशीनचे दोन कप ठेवून गेले. साहेबांनी एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला, मग गिळला.

"आज बरा झालाय."

"हो," मी म्हणालो, "चांगला झालाय."