गूगलमुक्त फोनवर अँटीव्हायरस बसवण्याचा विधी

सगळ्यात आधी फोनमधून गूगल हाकलून द्या. त्याशिवाय पुढचा त्रास नीट भोगता येत नाही. गूगलविना चालणारी एखादी अँड्रॉइड प्रणाली बसवा: लिनेजओएस टाका, ई-ओएस टाका, गूगलचाच पिक्सेल फोन परवडत असेल तर ग्राफीनओएस टाका. नागपुरात हे काम मे महिन्यातल्या दुपारी करावं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना बूटलोडर, म्हणजे दुसरी प्रणाली आत येऊ न देणारं फोनचं कुलूप, अनलॉक करत घरात बसलेल्या माणसाला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. संध्याकाळी धरमपेठेत मित्रांना ऐकवा की आता आपल्यावर कुणाची नजर नाही. आणि दुसऱ्याच दिवशी सीताबर्डीला जाऊन असं सॉफ्टवेअर विकत घ्या, ज्याला तुमचे मेसेज, कॉल, लोकेशन आणि झाडून सगळ्या फाइल्स बघायच्या असतात.

शक्यतो खोकंच घ्या. त्यात चंदेरी पट्टीखाली ॲक्टिव्हेशनचा नंबर असतो. तो नाण्याने खरवडा. शून्य आहे की ओ, आठ आहे की बी, हे ठरवण्यात वेळ छान जातो.

आता ॲप. प्ले स्टोअर तुम्ही स्वाभिमानाने काढून टाकलंय, तेव्हा अरोरा स्टोअरमधून, म्हणजे प्ले स्टोअरच्या मागच्या दारातून, निनावी खात्याने ते उतरवा. फुकटची आवृत्ती मुकाट्याने येते. विकतची येत नाही, कारण निनावी माणसाच्या नावाने पावती फाडायची कशी? म्हणून तो खरवडलेला नंबर टाका. चक्र गोल फिरेल, फिरत राहील, आणि शेवटी फोनमध्ये गूगल प्ले सर्व्हिसेस, म्हणजे बऱ्याच ॲपना पडद्याआडून लागणारं गूगलचं सॉफ्टवेअर, नसल्याची बातमी येईल. म्हणजे राखणदाराला कामावर रुजू व्हायला त्याच मालकाची चिठ्ठी हवी, ज्याला तुम्ही कालच घराबाहेर काढलं.

इथे मायक्रोजी कामी येतं. गूगलच्या सेवांची ही मुक्त-स्रोत नक्कल ई-ओएसमध्ये आधीपासूनच असते. ती बऱ्याच ॲपना गंडवते. पैसे आणि परवाना यांचा प्रश्न आला की अडखळते. त्यातून ॲपने प्ले इंटिग्रिटी ही गूगलची तपासणी लावली असेल तर आनंदच आहे. फोनमधली प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली आहे का, बूटलोडर बंद आहे का, असं ती विचारते. तीन वर्षं सुरक्षा अपडेट न आलेला कंपनीचा फोन त्यात पास होऊ शकतो. गेल्या महिन्याचा पॅच असलेला तुमचा फोन नापास. वरून ‘हे उपकरण रूट केलेलं आहे’ असा शेराही मिळतो. लिनेजओएसमध्ये मुळात रूट, म्हणजे प्रणालीवरचा पूर्ण ताबा, दिलेलंच नसतं, पण हे सांगायचं कुणाला?

हेल्पलाइनला सांगा. तिथला माणूस फार गोड बोलतो. ‘भाऊ, प्ले स्टोअर उघडा न.’ नाही म्हटलं की, ‘काऊन? अँड्रॉइड आहे न तुमचा? मंग प्ले स्टोअर काऊन नाही दिसून राहिलं?’ पंधरा मिनिटं समजावल्यावर तो फॅक्टरी रिसेट मारायला सांगेल. वाद घालू नका. फार तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या मारबतींच्या, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत शिरा आणि ओरडा, ‘ॲक्टिव्हेशनची इडापीडा घेऊन जा गे मारबत!’ काळी आणि पिवळी, दोघींनाही सांगून ठेवा. एकीचा सर्व्हर बंद असला तर दुसरीचा लागेल.

समजा, चमत्कार झाला आणि हिरवी खूण उमटली. लगेच पूर्ण स्कॅन लावा आणि बघत बसा, कारण तोही बघतच बसणार आहे. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळ्या कप्प्यात कोंडतो. एकाला दुसऱ्याचा खाजगी डेटा दिसत नाही, अँटीव्हायरसलाही नाही. तो बाहेरून ॲपची यादी आणि एपीके फाइली, म्हणजे ॲप बसवायच्या फाइली, तपासतो, सामायिक साठवणूक चाळतो आणि ‘तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणतो. काही अँटीव्हायरस वेबसाइट गाळायला व्हीपीएनची, म्हणजे फोनचं इंटरनेट जिथून वळवता येतं ती, जागा मागतात. ती एका वेळी एकालाच मिळते, म्हणून तिथलं तुमचं ट्रॅकर अडवणारं ॲप आधी बाहेर काढा.

निवड करताना मात्र चोखंदळ राहा. 2014 मध्ये ‘व्हायरस शील्ड’ नावाचं विकतचं ॲप प्ले स्टोअरवर दहा हजारांहून जास्त जणांनी घेतलं होतं. बोट लावलं की ढालीवरच्या फुलीची जागा बरोबरची खूण घ्यायची, बस. इतकं प्रामाणिक काम आता मिळत नाही. 2019 मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्हज या अँटीव्हायरस तपासणाऱ्या ऑस्ट्रियाच्या संस्थेने अँड्रॉइडचे 250 अँटीव्हायरस तपासले, त्यातल्या जेमतेम 80 जणांना तीस टक्क्यांहून अधिक घातक ॲप ओळखता आली. काहींनी तर स्वतःलाच व्हायरस ठरवलं. हे विद्वान तुमच्या फोनवर ॲक्टिव्हेट होत नाहीत, याचं दुःख खरंच मोठं आहे.

तोवर व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येईलच, ‘.एपीके’ शेपटीची. पत्रिकेचं ॲप कशाला, असले प्रश्न विचारून नातेवाइकांना दुखवू नका. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपला ‘बाहेरून इन्स्टॉल’ची वेगळी परवानगी लागते, ती व्हॉट्सॲपला द्या, मग पत्रिकेला एसएमएस वाचायची द्या, म्हणजे बँकेचे ओटीपी थेट वऱ्हाडाकडे पोचतील. खात्यातून पैसे गेले की अँटीव्हायरसचं खोकं बाजूला ठेवा आणि लगेच 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. तिथे ॲक्टिव्हेशनचा नंबर विचारत नाहीत.