अमेरिकेतल्या मराठी माणसाने ‘त्या लोकां’विषयी मत कसं बाळगावं

घर झालं, ग्रीन कार्ड आलं किंवा रांगेत आहे, बेसमेंट फिनिश करून घेतलं, मुलगी भरतनाट्यमला आणि मुलगा स्पेलिंग बीला लागला. आता अमेरिकेत तुमचं राहिलं काय? मत राहिलं. या देशात गोऱ्या-काळ्यांचं काय चाललंय आणि चूक कुणाची, यावर पॉटलकच्या रांगेत हातात कागदी प्लेट धरून ठामपणे बोलता आलं नाही तर इतकी वर्षं इथे राहून केलं काय, असं लोक विचारतात. नवीन आलेल्यांची तर फारच पंचाईत होते. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. यातलं माझं स्वतःचं काही नाही, सगळं आमच्या न्यू जर्सीच्या कॉलनीतल्या थोरामोठ्यांकडून ऐकलेलं आहे, आणि या गणपतीत त्यातल्या एका नियमाचं प्रात्यक्षिक आमच्या गल्लीतच झालं, म्हणजे आता अनुभवसिद्ध म्हणायलाही हरकत नाही.

नियम पहिला. इतिहास वाचायचा नाही. वाचला की मत बिघडतं.

नियम दुसरा, दोन बॅगा. कुठल्याही चर्चेची सुरुवात "आम्ही दोन बॅगा घेऊन आलो" इथूनच करायची. खिशात किती डॉलर होते तो आकडा दरवर्षी थोडा कमी करत न्यावा. एका बॅगेत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची डिग्री होती आणि चार वर्षांची फी बाबांच्या एका पगारात भागली होती हे सांगायची गरज नाही, बॅग बंदच ठेवावी. मग म्हणायचं, आम्हाला कुणी काही दिलं नाही, आम्ही मेहनतीने वर आलो, मग यांना काय धाड भरलीय? इथे एखादा आगाऊ पोरगा (हल्ली कॉलेजात जाऊन आलेली पोरं फार आगाऊ झालीत) विचारू शकतो की काका, पण तुम्ही आत कसे आलात? त्याला गप्प करावं. कारण तो मग सांगत बसेल की १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या माणसाला इथे यायचीच बंदी होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात गेला तर १९२३ साली कोर्टाने त्याला सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही, आणि मग आधी ज्यांना मिळालं होतं अशाही बऱ्याच जणांचं काढून घेतलं. १९४६ साली मेहेरबानी झाली ती काय, तर अख्ख्या हिंदुस्थानाला वर्षाला १०० जणांचा कोटा. तुमच्या मंडळाच्या दिवाळीला पार्किंगमध्येच याहून जास्त माणसं असतात! आणि मग १९६५. मार्च महिन्यात अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या बायाबापड्यांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, ते देशभर टीव्हीवर दिसलं, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि त्याच वाऱ्यात त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी बसून इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली. देशातल्या देशात रंग बघायचा नाही म्हणता, मग दारात कुठल्या देशाचा म्हणून कसं बघता, हा तेव्हाचा मुद्दा होता. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला. पण हे सगळं सांगत बसलं तर दोन बॅगांच्या गोष्टीला रंग चढत नाही, म्हणून गाळावं.

नियम तिसरा. मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीला आउटलेट मॉलला जावं आणि जाताना म्हणावं की तो आपल्या गांधीजींकडूनच शिकला. १९५९ साली भारतात आला होता, हेही अभिमानाने सांगावं. उरलेले ३६४ दिवस फॅमिली ग्रुपवर गांधीजींना शिव्या देणारे फॉरवर्ड पाठवत राहायला काहीच हरकत नाही.

चौथा, घर घेताना. एजंटला विचारायचं, "एरिया कसा आहे?" ती बिचारी गडबडते कारण कुठल्या वस्तीत कोण राहतं हे तिला कायद्याने सांगता येत नाही. ती म्हणते टाउनशिपच्या वेबसाइटवर बघा. तुम्ही खमके असाल तर शाळा सुटायच्या वेळी गाडी घेऊन जायचं आणि काच थोडी खाली करून गेटमधून बाहेर येणारी पोरं बघायची. मोजायची. मग घरी येऊन म्हणायचं, "स्कूल रेटिंग जरा कमी वाटलं." हे रेटिंग आभाळातून पडतं असं समजावं. शाळेचा बराचसा पैसा घरांवरच्या टॅक्समधून येतो, घरांच्या किमती वस्तीवर ठरतात, आणि १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून तिथे कर्जाला हमी द्यायची नाही असं ठरलं होतं, याचा एकमेकांशी काहीएक संबंध जोडू नये. महायुद्धाहून परत आलेल्या गोऱ्या शिपायाला १९४७ पासून वसत गेलेल्या न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये सरकारी हमीच्या कर्जावर नवंकोरं घर मिळालं, त्याच युद्धातून आलेल्या काळ्या शिपायाला तिथे राहायची बंदी, तसं करारातच छापलेलं. गोऱ्याच्या त्या घराची किंमत वाढत गेली, त्यावर पोरांची कॉलेजं झाली, नातवंडांची डाउन पेमेंटं झाली. आपण मात्र म्हणायचं की त्यांच्यात सेव्हिंगची सवयच नाही हो.

पाचवा. "गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली, आता कसली भरपाई?" हे जोरात म्हणावं. १८६२ साली वॉशिंग्टन शहरात गुलाम मोकळे केले तेव्हा सरकारने भरपाई दिली होती, माणशी ३०० डॉलरपर्यंत, आणि ती मालकांना, हे हळू आवाजातसुद्धा म्हणू नये.

सहावा. अॅडमिशनचा विषय निघाला की "मेरिट" एवढा एकच शब्द पुरतो. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये वंश बघून प्रवेश देणं बंद केलं तेव्हा आमच्या ग्रुपवर अक्षरशः पेढे वाटले, म्हणजे इमोजीचे. बाप हार्वर्डला होता म्हणून पोराला झुकतं माप मिळतं त्याबद्दल अवाक्षर नाही. कदाचित उद्या आपलाच नंबर लागायचा.

सातवा. पोरांच्या गाडीतली गाणी कुणाची आहेत ते विचारू नये.

आता आठवा नियम, डोअरबेल कॅमेरा. हा जरा सविस्तर सांगायला हवा कारण प्रात्यक्षिक याचंच झालं.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी आहे, काळा, आमच्या टीममध्ये मला सीनियर. त्याला आरतीला बोलावलं होतं. त्याने आधी मेसेज करून तीनतीनदा विचारलं, शूज कुठे काढायचे, काय आणलेलं चालतं, नॉनव्हेज खाऊन आलं तर चालेल का. (आपल्यातले किती जण विचारतात?) देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर जाऊन त्याने स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि मोतिया रंगाचा कुर्तासुद्धा. आमच्या ड्राइव्हवेत आणि समोर गाड्यांची दाटी, म्हणून त्याने चार घरं पुढे गाडी लावली आणि फोनवर आमचा नंबर शोधत जरा वेळ आतच बसला. झालं. ज्या घरासमोर तो बसला होता त्या घराचे मालक आमच्याच मंडळातले, वयाने मोठे, मी काका म्हणते त्यांना. आमच्या कॉलनीच्या मराठी ग्रुपवर त्यांच्या कॅमेऱ्याची क्लिप पडली आणि खाली मजकूर, "अनोळखी काळा इसम. गाडीत बसून घरं बघतोय. कुणाच्या ओळखीचा? ९११ ला कळवू का?" इसम! आणि ९११ म्हणजे थेट पोलिस! त्याखाली आपल्या बंधुभगिनींचे प्रतिसाद. "हल्ली वाढलंय हे." "मुलांना आत घ्या." एका ताईंनी हात जोडल्याची इमोजी टाकली, कुणाला जोडले देव जाणे. "थँक्स फॉर बीइंग अलर्ट काका." त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत अनोळखी गाड्यांची रांग लागली होती, फिलाडेल्फियाहून आलेली, कनेक्टिकटहून आलेली, निम्म्या लोकांना मीसुद्धा ओळखत नव्हते, एक जण तर चुकून दुसऱ्याच्याच गराजमध्ये चप्पल काढून आला. त्यातल्या एकाचीही क्लिप नाही. कुर्ता घातलेला, हातात मिठाईचा बॉक्स घेतलेला, गणपतीच्या दिवशी मराठी घराकडे चालत येणारा माणूस कुठे चाललाय हे ओळखायला काय डिटेक्टिव लागतो?

मी फोन बघितला तो आरती संपल्यावर. क्लिप पूर्ण बघितली. तो गाडीतून उतरतो, कॅमेऱ्याचा दिवा लागतो, तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि बॉक्स दोन्ही तळव्यांवर समोर धरून, कोपरं अंगापासून लांब ठेवून, रस्त्याच्या मधोमध उजेडातून चालत जातो. मी पेढे असे आणलेले कुणाला पाहिलं नव्हतं. नंतर विचारलं तर सहज म्हणाला, हात दिसले पाहिजेत ना, लहानपणी आईने शिकवलंय. माणूस डायरेक्टर आहे, दोन पोरांचा बाप आहे.

आणि काका? काका क्लिप टाकल्यावर पंधरा मिनिटांनी आले आरतीला! बघतात तर इसम झांजा वाजवतोय. जराही न बिचकता हात पुढे केला आणि म्हणाले, "वुई लव्ह ओबामा." मला वाटलं धरणी दुभंगावी. मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं तर म्हणे कॅमेरा आपोआप पाठवतो. मजकूरही कॅमेऱ्यानेच टाइप केला असेल, मराठीत. मग म्हणाले, "अगं तू मनाला लावून घेऊ नकोस, त्यांचं आणि गोऱ्यांचं जुनं भांडण आहे, आपला काय संबंध त्यात?"

नियमबियम राहू दे आता.

आपला काय संबंध म्हणे. काका, तुम्ही पुण्याचे ना? त्याच पुण्यात १८७३ साली जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण कुणाला केलं, तर अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्यांना कुणी व्हिसा दिला नव्हता, ग्रीन कार्डही नको होतं, तरी त्यांना संबंध दिसला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला आले, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीच्या शेजारी, आणि १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांपुढे जे निवेदन मांडताहेत त्याची प्रत पाठवता का, कारण आमच्या लोकांची स्थिती तशीच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, नाव कुठून आलं ते सांगू? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून, तिथल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. एवढा संबंध मराठी माणसाने जोडून ठेवलाय आणि तुम्ही इथे मुक्कामाला येऊन विचारताय संबंध काय. की संबंध चांगलाच माहितीये म्हणूनच नको आहे? २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि गव्हर्नरने तो सहीशिवाय परत पाठवला, त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यात आधी टाळ्या तुमच्याच होत्या. अमेरिकेत जात नाही म्हणालात. वस्ती बघून घर घेता, पोरं मोजून शाळा घेता, पेढे घेऊन आलेल्या माणसाला इसम म्हणता, आणि जात नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर २०१५ सालचं ऐका. अलाबामातल्या मॅडिसन गावात एक ५७ वर्षांचे गुजराती आजोबा नातवाला सांभाळायला आले होते, सकाळी मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. शेजारच्या माणसाने पोलिसांना फोन केला की एक बारीक काळा माणूस घरांजवळून हिंडतोय. पोलिस आले, आजोबांना इंग्रजी येईना, पोलिसाने हात मागे धरून त्यांना असं आपटलं की मानेला इजा होऊन अंग लुळं पडलं. पोलिस सुटला. त्या शेजाऱ्यात आणि तुमच्यात काय फरक आहे काका? तुम्ही नुसतं "कळवू का" विचारलंत, फोन लावला नाहीत, एवढाच फरक.

तुमचे बाबा थंडी संपली की येताहेत ना सहा महिन्यांसाठी? कानटोपी घालून पहाटे फिरायची सवय आहे त्यांना, तुम्हीच सांगत होतात. याच गल्लीत फिरणार आहेत. गोऱ्या शेजाऱ्यांच्या दारावरही तसलेच कॅमेरे आहेत.

ती क्लिप अजून ग्रुपवर आहे. काढा. आणि त्या माणसाची माफी मागा, मला "सॉरी हं" नको, त्याला सांगा, स्वतःच्या तोंडाने, ओबामाला मध्ये न आणता. नंबर नसेल तर माझ्याकडून घ्या.