लसूण पावडरीने खाणं टिकत नाही, मांजर मात्र आजारी पडतं

‘कुत्र्या-मांजरांचं पॅकेटमधलं खाणं म्हणजे विष, त्यात टोकोफेरॉल, इथॉक्सिक्विन असली रसायनं असतात. घरी चिकन-भात शिजवा, लसूण पावडर, हळद, मीठ घाला. पंधरा दिवस फ्रिजबाहेर टिकतं. सगळं नैसर्गिक, अपाय शून्य.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने मांजरीसाठी लसूण पावडर आणूनही ठेवली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी लसूण, कारण यात जीव जाऊ शकतो. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात. तांबड्या पेशी फुटतात, रक्तक्षय होतो. शिजवून, वाळवून हा गुण जात नाही. पावडरीत तर तो एकवटलेला असतो. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. कुत्र्यांना सात दिवस रोज, वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम लसणाएवढा अर्क दिला. तांबड्या पेशी घटल्या, उरलेल्यांत बिघाड दिसला. लसूण असलेलं अन्न कुत्र्यांना देऊ नये, असंच त्यांनी लिहिलं. मात्रा मोठी होती, मान्य. पण मांजराचं हिमोग्लोबिन कुत्र्याहूनही नाजूक, आणि इथे तर रोज, प्रत्येक जेवणात घाला म्हणतात! त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, जनावर मलूल होतं. तसं दिसलं तर थेट पशुवैद्य गाठा.

पंधरा दिवस टिकणं? आपल्याकडच्या उकाड्यात सकाळचा चिकन-भात संध्याकाळी आंबतो. चिमूटभर हळद-मिठाने ते आंबणं थांबत नाही. कोरडं खाणं टिकतं ते मुख्यतः त्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं म्हणून. डबाबंद खाणं टिकतं ते हवाबंद करून तापवलेलं असतं म्हणून.

‘टोकोफेरॉल’ हे नाव वाचून घाबरवणं तर निव्वळ खोडसाळपणा. ते ई जीवनसत्त्व आहे, शेंगदाण्यातही असतं. खाण्यातली चरबी खवट होण्याचा वेग ते कमी करतं, एवढंच.

मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. इथॉक्सिक्विन या, चरबी खवट होऊ नये म्हणून घातल्या जाणाऱ्या कृत्रिम द्रव्याबद्दलची शंका खरी होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कुत्र्यांच्या खाण्यातली त्याची कमाल मात्रा दशलक्षात १५० भागांवरून ७५ वर आणायला कंपन्यांना सांगितलं. २०१७ मध्ये युरोपीय संघाने पशुखाद्यातला त्याचा परवानाच स्थगित केला. ते नको असेल तर टोकोफेरॉल किंवा रोझमेरी या वनस्पतीचा अर्क लिहिलेलं पाकीट घ्या. ते उघडल्यावर लवकर खवट होतं, म्हणून लहानच आणा आणि तोंड घट्ट बंद ठेवा.